मोरोक्कोवाले

पवईत माणसाला नावाने फारसं कोणी ओळखत नाही. त्याची ओळख कुत्र्यावरून होते, गाडीवरून होते, नाहीतर मुलगा कुठल्या देशात आहे त्यावरून होते. 'ते लॅब्राडोरवाले', 'ते पांढऱ्या इनोव्हावाले', 'ते टोरांटोवाले'. आमच्या सोसायटीतल्या सी विंगच्या काकांकडे कुत्रा नव्हता, गाडी जुनी होती आणि मुलगा ठाण्यात होता. त्यामुळे एका कंपनीतून परचेस मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते नुसतेच 'सी विंगचे काका' होते. मग एका ऑक्टोबरात काकूंना घेऊन ते ग्रुप टूरबरोबर मोरोक्कोला जाऊन आले आणि तेव्हापासून ते 'मोरोक्कोवाले' झाले. हे नाव कोणी पाडलं याबद्दल सोसायटीत वाद आहे. माझा संशय त्यांच्यावरच आहे.

मोरोक्कोच का, तर युरोप सगळ्यांचा करून झालाय, थायलंडला कॉलेजची पोरं जातात आणि इजिप्त बी विंगने आधीच केलं होतं. एकदा पिरॅमिड बी विंगकडे गेले म्हटल्यावर आफ्रिकेच्या वरच्या काठावर उरतं काय? लिबियाला ग्रुप टूर जात नाही, ट्युनिशियाच्या टूरला पुरेशी माणसं झाली नाहीत. राहिला मोरोक्को. आता मात्र विचाराल तर ते सांगतात, "लहानपणापासून ओढ होती हो." लहानपणी ते परळला राहायचे आणि त्यांची ओढ राणीच्या बागेपर्यंत होती, असं काकूंचं म्हणणं आहे.

सकाळी तलावाकाठी फिरणाऱ्यांचा आमचा एक घोळका आहे. पूर्वी तिथले विषय ठरलेले असत: गुडघे, एफडीचे व्याजदर आणि जेव्हीएलआरवरचं मेट्रोचं काम. आता कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीला लागतो. पाणीकपातीची बातमी निघाली, तर काका म्हणाले, "माराकेशला नऊशे वर्षांपूर्वी जमिनीखालून पाणी आणलंय. खेत्तारा म्हणतात त्याला. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार." घोळक्यातल्या कोणीतरी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नहर-ए-अंबरीची आठवण दिली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेही जमिनीखालूनच पाणी खेळवलं होतं आणि हा मलिक अंबर मूळचा हबसाणातला. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आफ्रिकेतूनच आलं ना शेवटी?"

या घोळक्यात आयआयटीतून निवृत्त झालेले एक सर आहेत. काकांनी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना गाठलं. "सर, तुमची संस्था कुठल्या सालची?" सर म्हणाले, १९५८. काकांना हेच हवं होतं. "फेझचं अल-करावियीन विद्यापीठ ८५९ सालचं. फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने स्वतःच्या वारशाच्या पैशातून उभं केलं. तुमचं म्हणजे कालचं पोर." सरांनी चालणं न थांबवता सांगितलं की ती आधी मशीद होती, शिकवणं तिच्या आधाराने हळूहळू वाढत गेलं, आणि विद्यापीठ कधीपासून म्हणायचं यावर विद्वानांचं एकमत नाही. काका म्हणाले, "मी आत जाऊन आलोय." मागून काकूंचा आवाज आला, "आत कुठे? मुसलमानांशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. दारातून बघितलं आपण. तुम्ही तर त्या वेळी बुटाची नाडी बांधत होतात."

काकू अशा मागून येतात. गुडघ्यामुळे त्या दहा पावलं मागे चालतात आणि काकांची बहुतेक विधानं त्या दहा पावलांवर येऊन पडतात.

काकांचा खरा छळ हिरानंदानी गार्डन्समध्ये होतो. म्हणजे ते करतात, आपला होतो. वास्तुविशारद हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी तिथे डोंगराच्या कुशीत जे रोमन खांब, कमानी आणि घुमट उभे केले, ते आम्ही पवईकर इतकी वर्षं कुठलाही विचार न करता बघत होतो. खांब आहे, त्याच्यामागे बँक आहे, बँकेत काम आहे, संपलं. पण काका व्होलुबिलिस बघून आले. मोरोक्कोतलं हे खरंखुरं रोमन शहर, मेकनेसपासून जवळच. २१७ सालची काराकालाची विजयकमान तिथे अजून उभी आहे, ऑलिव्हच्या तेलाचे घाणे आहेत, फरशीवर रंगीत खड्यांची चित्रं आहेत. तेव्हापासून तिथल्या गॅलेरिया बाजाराकडे जायचं म्हटलं की सोबतीला काका नको वाटतात. भर फुटपाथवर उभं राहून ते खांबाला टिचकी मारतात. पोकळ आवाज आला की त्यांचा चेहरा उजळतो. "बघा. आत काही नाही. तिकडे अखंड दगड. १७५५ला लिस्बनला भूकंप झाला, त्यात पडले, पण पडले तेही दगडासारखे."

त्यातलं त्यांना सगळ्यात आवडतं ते असं की व्होलुबिलिस नुसतं भूकंपाने मोडलं नाही. मुलाय इस्माईल नावाच्या सुलतानाने मेकनेसला राजधानी बांधायला घेतली, तेव्हा तिथला दगड-संगमरवर उचलून नेला. "जुनं पाडून नवं. रीडेव्हलपमेंट! सतराव्या शतकात!" हे ते अशा आवाजात सांगतात, की सुलतानाची निविदा त्यांच्याच टेबलावरून गेली असावी. पण एक कबूल करायला हवं. त्यांच्यामुळे मी त्या खांबांकडे पहिल्यांदा मान वर करून बघितलं. व्होलुबिलिसच्या खांबांवर करकोचे घरटी करतात म्हणे. आमच्याकडे कबुतरं.

रीडेव्हलपमेंटवरून आठवलं. आमच्या सोसायटीची बोलणी गेली काही वर्षं चालू आहेत. बिल्डरने सादरीकरण ठेवलं, चहा-सामोसे झाले, पडद्यावर तेवीस मजली इमारत आली आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी काका उभे राहिले. त्यांनी रबातच्या हसन मिनाराची गोष्ट सांगितली. याकूब अल-मन्सूर नावाच्या सुलतानाने जगातली सगळ्यात मोठी मशीद बांधायला काढली. मिनार चव्वेचाळीस मीटरपर्यंत चढला, तीनशेच्या वर खांब रोवून झाले आणि ११९९ साली सुलतान वारला. काम थांबलं ते थांबलं. "आजही तसाच आहे. अर्धा मिनार आणि नुसते खांबांचे बुंधे. मी त्यांच्यामधून चाललोय. बिल्डर गेला, प्रोजेक्ट अडकला. आठशे वर्षं झाली, ओसी नाही!" सभागृहात शांतता पसरली. त्या रात्री तीन सभासदांनी संमतीपत्र परत मागितलं. मोरोक्कोच्या इतिहासाचा पवईच्या जमिनीच्या भावावर झालेला हा पहिला परिणाम असावा.

वार्षिक सभेत तर त्यांना आवरणं अवघड गेलं. पार्किंगचा विषय होता, आणि पार्किंगचा विषय आमच्याकडे नेहमीच असतो. काका म्हणाले, मुलाय इस्माईलने मेकनेसला जो तबेला बांधला, तो बारा हजार घोड्यांचा म्हणून दाखवतात. भिंती जाडजूड, आत गारवा, शेजारी धान्याची कोठारं. "बारा हजार घोडे एका माणसाने उभे केले आणि आपल्याला चौऱ्याऐंशी गाड्या उभ्या करता येत नाहीत?" सेक्रेटरी म्हणाले, घोड्यांना बॅक गिअर नसतो, म्हणून जमलं असेल. मग काकांनी दुसरा ठराव मांडला. शेफशावेन या डोंगरातल्या गावात घरं, जिने, गल्ल्या सगळं निळं रंगवतात. का रंगवतात याच्या तिथे दहा कथा आहेत, त्यातली एक अशी की निळ्या रंगाने डास येत नाहीत. पवई तलावाच्या शेजारी राहणाऱ्यांनी हा प्रयोग सी विंगच्या जिन्यापासून सुरू करावा. ठरावाला अनुमोदक मिळाला नाही. तळमजल्यावरच्या आजी एवढंच म्हणाल्या, "आधी गळती थांबवा, मग निळं करा, पिवळं करा."

आता त्यांचा पोशाख. मोरोक्कोहून त्यांनी जेलाबा आणला. टोकदार टोपीचा, पायघोळ, लोकरी. अ‍ॅटलास पर्वताच्या थंडीसाठी तो असतो. तो घालून ते एका संध्याकाळी, बाहेर बत्तीस डिग्री असताना, शतपावलीला निघाले. परत येताना गेटवर नव्या वॉचमनने अडवलं आणि कोणाकडे जायचंय ते विचारलं. काकांनी स्वतःचं नाव सांगितलं. वॉचमनने इंटरकॉमवरून काकूंना विचारलं, "साहेबांकडे कोणीतरी बाबा आलेत, सोडू का?" काकू म्हणाल्या, "साहेब घरी नाहीत, नंतर यायला सांगा." त्यांना खरंच कळलं नव्हतं, असं त्या म्हणतात.

पुदिन्याचा चहा हा त्यांचा घरचा प्रयोग. चीनमधून येणारा गोळीदार हिरवा चहा, मूठभर पुदिना आणि छातीत धडकी भरावी इतकी साखर. तो किटलीतून हातभर उंचीवरून छोट्या पेल्यात ओततात, म्हणजे वर फेस येतो. मोरोक्कोतला माणूस हे गप्पा मारताना सहज करतो. काका करतात तेव्हा पाहुणे पाय वर घेतात. पाहुण्याने तीन पेले घ्यायचे असतात, अशी तिथली रीत आहे म्हणे. त्यांच्या घरी तीन पेले पोटात जायला सहा ओतावे लागतात.

भाव करण्याची कला हे त्यांचं हळवं ठिकाण. माराकेशच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, पितळी दिवा बाराशे दिरहमचा सांगितला होता, तो त्यांनी तीनशेला आणला. दिरहम म्हणजे तेव्हा आठ-नऊ रुपये होते. "दोनदा उठून गेलो. दोनदा हाक मारली त्याने. चहा पाजला. शेवटी मिठी मारली." आयुष्यभर परचेसमध्ये घालवलेल्या माणसाला याहून मोठा सन्मान कुठला? टूरमधल्या नाशिकच्या एका बाईंनी तोच दिवा पुढच्या गल्लीत एकशे ऐंशीला घेतला, हे काकूंकडून कळतं. काकांच्या मते तो तोच दिवा नव्हता.

ही पद्धत त्यांनी पवईत आणली. मी त्या दिवशी आयआयटी मार्केटला होतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी तीस रुपये सांगितली. काका आधी हसले. माराकेशला आधी हसतात. मग जुडी उलटसुलट करून म्हणाले, "आठ."

मावशींनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि काळजीने विचारलं, "काका, बरं नाही का वाटत?"

काकांनी जुडी खाली ठेवली आणि ते निघाले. सावकाश, खांदे पाडून, हाक ऐकू येईल इतक्याच वेगाने. फुलवाल्यापर्यंत गेले. हाक नाही. नारळवाल्यापर्यंत गेले, तिथे शहाळ्याचा भाव उगाच विचारला. हाक नाही. वळून बघितलं तर मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोथिंबीर बांधून देत होत्या. ते परत आले तोवर मेथी संपली होती. शेवटची जुडी माझ्या पिशवीत होती, तीसला घेतलेली. मी पिशवी पाठीमागे धरली.

फेझमधून ते एक हाळीही घेऊन आले आहेत. तिथल्या जुन्या शहरात हजारोंनी गल्ल्या आहेत, इतक्या अरुंद की मोटार शिरत नाही. माल गाढवावरून आणि खेचरावरून जातो आणि हाकणारा मागून ओरडतो, "बालाक!" म्हणजे सरका, जीव वाचवा. काका हे गॅलेरियातल्या खाऊच्या गाड्यांपाशी रांगेत वापरतात. लोक सरकतात. काय ओरडले ते कळत नाही, म्हणून सरकतात. फेझमध्ये स्वतः काका अर्धा तास हरवले होते. तो अर्धा तास त्यांच्या हिशेबात 'शहराच्या रचनेचा अभ्यास' या खात्यात जमा आहे.

आणि फोटो. हजाराच्या वर आहेत आणि टीव्हीला जोडून दाखवतात. सगळ्या फोटोंत काका मधोमध आहेत. मेकनेसचं बाब मन्सूर हे १७३२ साली पुरं झालेलं दार उत्तर आफ्रिकेतल्या सगळ्यात देखण्या दारांमध्ये मोजतात, पण आम्हाला त्याची फक्त वरची किनार दिसली. खाली सगळे काका. कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद समुद्रात पाया घालून बांधलीय. ती १९९३ साली पूर्ण झाली आणि तिचा मिनार दोनशे मीटरच्या घरात जातो. तो मात्र काकांना झाकता आला नाही. 'रिक्स कॅफे'च्या पाटीखाली हॅट घालून काढलेला फोटो आला की ते सांगतात, "इथेच शूटिंग झालं 'कासाब्लांका'चं." तो सिनेमा १९४२ साली हॉलिवुडच्या स्टुडिओत झाला आणि हा कॅफे २००४ साली निघाला, सिनेमा बघून. पण पाहुण्यांच्या पुढ्यात तिसरा पेला असतो, तोंडात साखर असते, कोण बोलणार?

चामड्याच्या कुंडांचे फोटो आले की काकू उठून आत जातात. फेझच्या शुआरा टॅनरीत अजून जुन्या पद्धतीने कातडं कमावतात आणि ते मऊ करायला कबुतरांची विष्ठा वापरतात. बघायला येणाऱ्यांच्या हातात पुदिन्याची डहाळी देतात, नाकाशी धरायला. तिथून आणलेल्या पिवळ्या सपाता काकांनी पावसाळ्यात बाल्कनीत ठेवल्या होत्या. वरच्या मजल्याने लेखी तक्रार केली. मुंबईतल्या मुंबईत धारावीत चामड्याचा केवढा धंदा चालतो, पण तिथून गाडी जाताना हेच काका काच वर करतात. नाकाशी पुदिना धरून बघायचं ते परदेशात.

इब्न बतूता आता त्यांचा घरचा माणूस झालाय. टँजिअरला १३०४ साली जन्मलेला, एकविसाव्या वर्षी हजला म्हणून निघालेला आणि पाव शतक जग फिरून परत गेलेला. "त्याने तिकडून इकडे केलं, मी इकडून तिकडे," असं काका म्हणतात. आयआयटीच्या सरांनी एका सकाळी सांगितलं की तो आपल्याकडेही येऊन गेलाय. महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला, तेव्हा वाटेत दौलताबादला आला, नंदुरबारलाही. मराठे लोक कारागिरीत, वैद्यकीत, ज्योतिषात तरबेज आहेत, भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, असं त्याने नोंदवून ठेवलंय. आणि दौलताबादच्या किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, असंही. ते आपण तिथे बघितले, असं तो म्हणतो. तिथे कैद भोगून सुटलेल्या एकाने त्याला त्यांची हकिकतही सांगितली होती आणि ती त्याने तशीच लिहिली, की मला अमक्याने सांगितलं.

काका हरखले. "म्हणजे आमचा बतूता आपल्या दौलताबादला!" सरांनी विचारलं, तुम्ही बघितलाय का किल्ला? काका म्हणाले, "हो तर. वेरूळला जाताना, बसमधून." मागून आवाज आला, "झोपला होतात."

ज्यांचा मोरोक्को कोणी विचारत नाही, त्या काकू. त्यांच्या मोबाइलमध्ये मोजके फोटो आहेत आणि एकातही त्या नाहीत. फेझला बाकीचा ग्रुप गालिच्यांच्या दुकानात अडकला असताना त्या गल्लीतल्या भट्टीच्या ओट्यावर बसून होत्या. तिथे प्रत्येक मोहल्ल्याला आपली भट्टी असते. बायका घरी कणीक मळतात, पोरं फळीवर कापडाखाली पावाचे गोळे झाकून आणतात, भट्टीवाला भाजून देतो. शंभर घरांचे पाव एकसारखे दिसतात, पण कुठला कोणाचा हे त्याला कळतं. कसं, तर कापडावरून, पावावरच्या खुणेवरून, आणि काकूंच्या मते मळणाऱ्या हातावरून. "आम्ही वाईला नानकटाईचे डबे बेकरीत भाजायला न्यायचो, तसंच. माझ्या आईच्या डब्याला हिरवा दोरा असायचा." भट्टीपाशी आलेल्या एका बाईने त्यांना गरम पावाचा तुकडा तोडून दिला, ऑलिव्हच्या तेलात बुडवून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी ती बाई सुनेबद्दल बोलत होती, एवढं काकूंना नक्की कळलं. त्यांनी आणलेलं मातीचं टाजीन, ते उंच टोपीसारख्या झाकणाचं भांडं, काकांनी काचेच्या कपाटात ठेवायला काढलं होतं. काकूंनी ते ओट्यावर आणलं. त्यात आता मटार-बटाट्याचा रस्सा होतो आणि तो बरा होतो.

काका वाईट माणूस नाहीत. सोसायटीत मुलाय इस्माईलचं नाव आठ वर्षांच्या पोराला ठाऊक आहे, हे त्यांचंच काम. त्यांनी देश बघितला नाही, पाठ केला, आणि पाठ केलेलं म्हणून दाखवायला माणूस लागतो, इतकीच त्यांची अडचण आहे. असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. कुठे तो 'जपानवाले' असतो, कुठे 'नॉर्दर्न लाइट्सवाले'. पुढच्या वर्षीच्या ट्युनिशियाच्या टूरला पुरेशी माणसं झाली आहेत. काकांनी पैसे भरलेत आणि एल जेमच्या रोमन अँफिथिएटरबद्दल आत्तापासून बोलायला लागलेत.

तुम्हाला मोरोक्कोला जायचं असेल आणि काही विचारायचं असेल, तर सी विंगला या. दुपारी चारनंतर या. त्या वेळी काका ज्येष्ठ नागरिक संघात असतात आणि काकू घरी एकट्या असतात.